एप्रिलचे भोपळे

क्रिकेटमध्ये ओळीने तीन भोपळे मिळाले की आपण त्या फलंदाजाला घरी बसवायला निघतो. म्हणून अमेरिकेतल्या बेसबॉलचा हिशोब मला फार आवडतो. २००४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क यांकीजचा कर्णधार डेरेक जीटर याला सलग ३२ संधींत एकही हिट मिळाली नाही. (मी तर त्याला दुसऱ्याच आठवड्यात बसवला असता!) २९ एप्रिलला बॅरी झिटोच्या चेंडूवर त्याने थेट होमरन मारली, आणि हंगामाअखेर सरासरी निघाली ०.२९२. तिथे १६२ सामने असतात, आणि दहांत तीनदा हिट मिळवणारा थोर ठरतो. मग राहिलेल्या सातांतली अपयशे कधी ओळीने आली, तर नवल ते काय? त्यात एप्रिलची थंडी; गार, दाट हवेत चेंडू लांब जात नाही. शिवाय मागची पुण्याई जमेला नसल्याने आकडा अधिकच भेसूर दिसतो.

बाल्टिमोरच्या ख्रिस डेव्हिसचे मात्र तसे झाले नाही. सात वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार, आणि २०१८ च्या अखेरीपासून सलग ५४ संधी कोरड्या! १३ एप्रिल २०१९ ला बॉस्टनमध्ये कोंडी फुटली, पण सूर गवसला नाही. २०२१ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. त्या ५४ पैकी २०१९ च्या हंगामातल्या होत्या ३३. जीटरपेक्षा एकच जास्त.