एकच झारी सगळ्यांना

जुलै-ऑगस्टमध्ये वाचकांच्या पत्रांत दोन तक्रारी हमखास असतात. जेडची पाने गळून पडतात, खोड बुडाशी मऊ लागते. आणि डेलिलीला नुसता पाला येतो, फुलदांडा काही येत नाही. खोदून विचारले की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. दोन्ही कुंड्या बाल्कनीच्या ग्रिलमध्ये शेजारी-शेजारी असतात आणि रोज सकाळी एकच झारी दोन्हींवर फिरते. जागा कमी म्हणून कुंड्या आपण शोभेप्रमाणे लावतो, तहान आणि ऊन पाहून नाही. पाऊस येण्याआधी हे बोलायला हवे.

जेड मूळची दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातल्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची. पाणी ती पानांतच साठवते. भर उन्हात पानांची रंध्रे मिटून घेते, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेते. त्यामुळे पाणी फारसे उडत नाही. वनस्पतिशास्त्रात या पद्धतीला नावही जेडच्याच कुळावरून, क्रॅस्युलेसीवरून, मिळाले आहे. अशा झाडाला मुंबई-कोकणच्या पावसात आपण पाणी घालायचे कारणच नाही. उलट पाऊस अंगावर येणार नाही अशी जागा शोधायची. मुळाशी पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी धरते आणि खोड आतून कुजते. वरची पाने तोवर टवटवीत असतात, म्हणून दुखणे उशिरा कळते. खोड मऊ पडलेच, तर वरची निरोगी फांदी कापून चार-पाच दिवस सावलीत वाळू द्यावी आणि मग कोरड्या मातीत खोचावी. मूळ झाड वाचवण्याच्या मागे लागू नये.

दोष पाण्याइतकाच मातीचाही असतो. नर्सरीतले रोप पुष्कळदा निव्वळ कोकोपीटमध्ये असते. वाहतुकीला ते हलके, म्हणून नर्सरीवाल्याच्या सोयीचे. पण पावसाळी हवेत एकदा भिजले की दिवसच्या दिवस वाळत नाही. लाल माती, जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि थोडे गांडूळखत असे मिश्रण करून जूनच्या आधी कुंडी बदललेली बरी.

आणखी एक घोळ आहे. आपल्याकडे जेड म्हणून जे छोट्या गोल पानांचे, तांबूस खोडाचे झाड बोन्सायसाठी सर्रास विकले जाते, ते बहुधा पोर्टुलाकारिया असते. तेही दक्षिण आफ्रिकेचेच, पण कूळ वेगळे. तिथे ते हत्तींचे आवडते खाद्य आहे. ते गच्चीवरच्या कडक उन्हात खुशाल राहते. खऱ्या जाड पानांच्या जेडला मात्र विदर्भातले मे महिन्यातले दुपारचे ऊन सोसत नाही, पाने भाजतात. तिला सकाळचे कोवळे ऊन पुरते. घरात कुत्रा-मांजर असेल तर हा फरक अधिकच महत्त्वाचा, कारण पोर्टुलाकारिया त्यांना निर्धोक आहे, खरी जेड नाही. मांजराला तर डेलिली त्याहून घातक. तिचे पान चघळले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

डेलिलीचे गणित नेमके उलटे. ती चीन, कोरिया, जपानकडची. तिथेही उन्हाळ्यातच पाऊस पडतो, त्यामुळे आपल्या पावसाशी तिचे वाकडे नाही. कळ्या धरताना तिला भरपूर पाणी लागते आणि दिवसाचे सहा तास तरी ऊन. फूल एकच दिवस टिकते. पण एका दांड्यावर कळ्या अनेक असतात, म्हणून बहर लांबतो. गड्डा दाटला की फुले कमी होतात. तीन-चार वर्षांनी तो उपटून फुटवे वेगळे करावेत, पाने वीतभर ठेवून छाटावीत आणि पाने-मुळांचा सांधा मातीत इंचभराहून खोल जाऊ देऊ नये.

खरेदी करताना मुळे पाहून घ्या. डेलिलीची मुळे जाड, मांसल असतात. कांद्यासारखा कंद हाती पडला तर ते झाड दुसरेच. हिवाळ्यात पाने टाकून झोपी जाणाऱ्या परदेशी जातींना थंडी लागते. ठाण्या-पनवेलीत त्या वर्षागणिक खुरटत जातात, तेव्हा सदाहरित जातीच मागा. आणि निळ्याशार फुलांचे चित्र छापलेली बियांची पाकिटे घेऊ नका. खऱ्या निळ्या रंगाची डेलिली अजून कोणालाही तयार करता आलेली नाही.

या महिन्यात दोनच कामे करा. जेडच्या कुंड्यांखालच्या बशा काढून टाका आणि कुंड्या छपराखाली घ्या. मोकळ्या झालेल्या उन्हाच्या जागी डेलिली ठेवा. ग्रिलमध्ये दोनच तास ऊन येत असेल आणि सोसायटी गच्ची वापरू देत नसेल, तर डेलिली घेऊच नका. असलेला गड्डा अंगण असलेल्या ओळखीच्या माणसाला देऊन टाका.