पाटी पांढरी, आत दोनशे व्होल्ट

मे २०११ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 'शेव्हरोले व्होल्ट' या प्लग-इन हायब्रिड मोटारीची धडक-चाचणी घेण्यात आली. सुमारे तीन आठवड्यांनी, आवारात उभ्या असलेल्या त्याच मोटारीने पेट घेतला आणि शेजारच्या गाड्याही जळाल्या. धडकेत बॅटरीला इजा होऊन शीतक द्रव गळला होता आणि बॅटरीतील वीज काढून टाकलेली नव्हती. अपघातानंतर ती कशी काढावी, हे उत्पादक जनरल मोटर्सला ठाऊक होते. मात्र चाचणी घेणाऱ्या सरकारी यंत्रणेपर्यंत ती माहिती पोहोचलीच नव्हती!

भारतात २०२२ पासून मध्यमवर्गाच्या आवाक्यातील हायब्रिड मोटारी रस्त्यावर आल्या. ग्रँड व्हिटारा, इनोव्हा हायक्रॉस ही त्यातील ठळक नावे. केवळ बॅटरीवर धावणाऱ्या वाहनांना हिरवी पाटी असते. हायब्रिडला ती नाही. द्रुतगती मार्गावर चेंदामेंदा झालेली मोटार साधी पेट्रोलची की आत दोनशे व्होल्टच्या आसपासची बॅटरी असलेली, हे बचाव पथकाने ओळखायचे कसे? मागच्या दारावरील छोटे बोधचिन्ह धडकेत टिकेलच असे नाही.

अशा मोटारीला हात लावताच झटका बसतो, ही समजूत मात्र निराधार आहे. उच्चदाबाची यंत्रणा मोटारीच्या सांगाड्यापासून विलग ठेवलेली असते. या भीतीपोटी जखमींना बाहेर काढण्यास विलंब होणे अधिक घातक ठरेल. खरा धोका आहे तो नारिंगी रंगाच्या केबलवर कटर चालविण्याचा. शिवाय इंजिन शांत असले तरी मोटार चालू असू शकते. म्हणून चाकांना अटकाव लावणे, मोटार बंद करून किल्ली दूर नेणे आणि १२ व्होल्टची साधी बॅटरी तोडणे, हा क्रम सांगितला जातो. त्यानंतरही यंत्रणेतील उरलेला दाब ओसरण्यासाठी टोयोटाची मार्गदर्शिका दहा मिनिटे थांबण्यास सांगते.

लिथियम बॅटरीची आग विझल्यासारखी दिसते आणि पुन्हा भडकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२० मधील अहवालात विद्युत मोटारींमधील या 'अडकून राहिलेल्या' ऊर्जेकडे लक्ष वेधले आणि अनेक उत्पादकांच्या मार्गदर्शिका अपुऱ्या असल्याचे नमूद केले. हायब्रिडमध्ये पेट्रोलची टाकीही असते, हे वेगळे सांगायला नको.

जर्मनीत प्रत्येक मॉडेलचा बचाव-नकाशा चालकासमोरील सनव्हायजरमागे ठेवण्याचा प्रघात आहे. केबल कोठे, बॅटरी कोठे, पत्रा कोठे कापावा, हे त्या एका कागदावर कळते. आपल्याकडे असा कागद सक्तीचा करण्यास फारसा खर्च येणार नाही.

अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. बॅटरीला इजा झालेली मोटार इतर वाहनांपासून किमान ५० फूट दूर ठेवावी, असा अमेरिकेतील दंडक आहे. आपल्याकडे अपघातग्रस्त मोटार क्रेनने उचलून थेट पोलिस ठाण्याच्या आवारात आणली जाते आणि जप्त दुचाकींना खेटून आठवडेच्या आठवडे पडून राहते. त्या आवारात ५० फूट मोकळी जागा सापडेल अशी ठाणी किती?