छप्पन्न दिवसांची कसोटी

होळकरांचे इंदूर आज विज्ञानाचेही शहर आहे. तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ व इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रे चालतात आणि इलेक्ट्रॉन त्वरकांच्या किरणांनी वैद्यकीय साधनांचे निर्जंतुकीकरणही होते. किरणांना असे कामाला जुंपणाऱ्या याच शहरातील रुग्णालयांकडे झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन या जिल्ह्यांतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ग्रासलेली स्त्री आशेने पाहते. विज्ञान आणि ती स्त्री यांच्यातील अंतर नेमके कशाने मोजावे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

जागतिक अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात या रोगाच्या सुमारे 1 लाख 27 हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि जवळजवळ 80 हजार स्त्रिया दगावल्या. तरीही हा रोग म्हणजे मृत्यूचे बोलावणे नव्हे. आरंभीच्या अवस्थेत शस्त्रक्रिया पुरते. रोग पसरल्यावर किरणोपचार हाच मुख्य आधार उरतो. आठवड्यातून पाच दिवस, असे साधारण पाच आठवडे बाहेरून किरण दिले जातात. त्यानंतर किरणोत्सर्गी स्रोत गर्भाशयातच नेऊन ब्रॅकीथेरपी केली जाते. स्रोतापासून दूर जाताच किरणांची मात्रा झपाट्याने घटते. त्यामुळे गाठीवर जबर आघात होतो आणि मूत्राशय व गुदाशय बव्हंशी बचावतात. हा दुसरा टप्पा वगळणे म्हणजे उपचार अर्धवट टाकणेच होय.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तिसऱ्या अवस्थेतील 850 रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ किरणोपचार मिळालेल्यांपैकी 46 टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. किरणांच्या जोडीला दर आठवड्यास सिस्प्लॅटिन दिल्यावर हे प्रमाण 54 टक्क्यांवर गेले. एवढ्या पुढे गेलेल्या रोगातही निम्म्या स्त्रिया वाचू शकतात, हे लहानसहान यश नव्हे.

परंतु या यशाला एक अट आहे. संपूर्ण उपचार आठ आठवड्यांत, म्हणजे 56 दिवसांत, आटोपावे लागतात. त्यापुढे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटत जाते. विलंब कधी यंत्रामुळे होतो. कोबाल्ट-60 चे बळ सव्वापाच वर्षांत निम्मे होते, ब्रॅकीथेरपीतील इरिडियम-192 चे तर अवघ्या 74 दिवसांत. स्रोत वेळेवर बदलला नाही, तर प्रत्येक रुग्णाला यंत्राखाली अधिक वेळ ठेवावे लागते आणि बाहेरची रांग वाढत जाते. यंत्राचे उद्घाटन एकदाच होते, स्रोताची खरेदी मात्र पुनःपुन्हा करावी लागते; आणि फीत कापण्यास जेवढी माणसे जमतात, तेवढी खरेदीच्या कागदाचा पाठपुरावा करण्यास जमत नाहीत!

विलंबाचे दुसरे कारण रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आहे. दोन महिने मजुरी बुडवायची, मुले कोणाच्या हवाली करायची, परक्या शहरात उतरायचे कोठे? आयुष्मान योजनेतून दर कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचा खर्च मिळतो, पण बुडालेली मजुरी तीत कोण भरून देणार? रक्तस्राव थांबला की बरे वाटू लागते आणि बाई मध्येच गावी परतते. तिला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते दोष तिच्या अडाणीपणाचा नसून उपचार म्हणजे केवळ यंत्र असे मानणाऱ्या व्यवस्थेचा आहे. परळला येणारे कर्करुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात; तो निवाराही औषधाइतकाच मोलाचा आहे. देशभर धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्याबाईंचे नाव मिरविणाऱ्या इंदुरास हे निराळे सांगावयास नको. निवारा, प्रवासभाडे, बुडालेल्या मजुरीची काही भरपाई आणि गैरहजर रुग्णाचा दुसऱ्याच दिवशी शोध, ही उपचारांचीच अंगे मानली पाहिजेत.

लस आली, आता किरणांची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. पुण्याच्या सीरम संस्थेच्या स्वदेशी लसीस 2022 मध्ये मान्यता मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण ती आजच्या मुलींना उद्या वाचवील. त्यांच्या मातांचे काय? उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विषाणूच्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. लस, तपासणी आणि किरणोपचार हे एकाच तिवईचे तीन पाय आहेत.

आम्हां किनारपट्टीवासीयांनी इंदूरकडे दुरून पाहण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातून बांबोळीची आणि आमच्याकडून परळची वाट धरणाऱ्या स्त्रियांपुढेही हीच कसोटी आहे. शिवाय अवेळी होणारा रक्तस्राव लाजेपोटी लपविण्याची रीत आपल्या सुशिक्षित घरांतूनही गेलेली नाही. छप्पन्न दिवसांचा हिशेब शासनाने ठेवावा. त्यापूर्वी मौनात दवडलेल्या महिन्यांचा हिशेब मात्र आपणच द्यावयाचा आहे.