जाहीर आवाहन : घरातलं जुनं आडनाव विचारून ठेवा

नागपूरकर बंधू-भगिनींनो,

जातपडताळणी असो, शेताचा वारस फेरफार असो, की नुसतं आपलं कूळ कळावं ही इच्छा असो, जुने कागद शोधणारी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांतली बरीच एकाच जागी अडतात. वडिलांच्या टी.सी.वर एक आडनाव, पणजोबांच्या नोंदीत दुसरंच, नाहीतर आडनावाचा पत्ताच नाही. "ही नोंद आपली नाही" म्हणून माणसं कागद बाजूला ठेवतात आणि शोध तिथेच संपतो. कृपया असं करू नका.

ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखोंना धम्मदीक्षा दिली, त्या बाबासाहेबांच्या घराकडे पाहा. आजोबा मालोजी सकपाळ, वडील रामजी सकपाळ. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद मात्र 'भिवा रामजी आंबेडकर' अशी आहे. फक्त आंबेडकर हे आडनाव घेऊन मागे गेलो तर मालोजींपर्यंत पोचता येत नाही. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव हाती असलं की वाट सापडते. आडनाव बदलतं, गाव, बापाचं नाव आणि आज्याचं नाव सहसा बदलत नाही. शोध त्यांच्या आधाराने करायचा.

नागपुरात तर आडनाव बदलायला कारणं पुष्कळ होती. १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतून माणसं कामाला आली. कुणी गावाच्या नावाने ओळखला गेला, कुणी धंद्याच्या. भोसल्यांच्या दरबारातल्या कामावरून पडलेली आडनावं आजही चालतात. हिणवणारं आडनाव कित्येकांनी स्वाभिमानाने टाकून दिलं. आणि पुष्कळदा आडनाव कुणी बदललंच नाही, लिहिणाऱ्याने बदललं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दही जोडून लिहिलेले. वाचणारा चुकला की आडनाव बदललं. इंग्रजी कागदावरच्या एकाच स्पेलिंगचं पुढे कठाणे, काठाने, कथाने असं काहीही होतं.

म्हणून रेकॉर्ड रूममध्ये जाण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. आत्या आणि आजोबांच्या बहिणी यांना तर आवर्जून विचारा; माहेरचं जुनं आडनाव त्यांच्याच तोंडी राहिलेलं असतं. मूळ गाव, कुलदैवत, भाऊबंद कुठे आहेत, सोयरीक कुठल्या घरांत होत असे, हे सगळं तारखेसकट लिहून घ्या.

मग कागद. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत अनेकदा बाळाचं नावही नसतं. 'मुलगा' एवढंच, पुढे बापाचं नाव, जात, गाव. ती नोंद तुमचीच असू शकते. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा. जुनी खरेदीखतं तर जरूर काढा, कारण त्यांत 'ऊर्फ' लावून दोन्ही नावं किंवा 'मूळ राहणार अमुक, हल्ली मुक्काम नागपूर' असं लिहिलेलं सापडतं, आणि दोन आडनावं एकाच माणसाची हे त्यातून दाखवता येतं. रीतसर नाव बदललं असेल तर राजपत्र पाहा. पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं, तेव्हा राजपत्रही त्या राज्याचं. गोंदियाचे जुने कागद शोधताना भंडारा आणि गडचिरोलीचे शोधताना चंद्रपूर विसरू नका. गोंदिया १९९९ ला आणि गडचिरोली १९८२ ला वेगळा जिल्हा झाला.

पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्या पिढीला ओळखणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

एक हात जोडून विनंती : जुन्या कागदावर कुणाच्याही सांगण्यावरून आडनाव लिहू नका, जुळवू नका. जुन्या काळ्या शाईशेजारी नव्या निळ्या शाईतली दोन अक्षरं दिसली की खरी नोंदही संशयात सापडते आणि त्याचं फळ घरातल्या लेकरांना भोगावं लागतं. मूळ कागद घरीच ठेवा, देताना प्रत द्या.

दुसरी विनंती त्याहून मोलाची. कुणी अपमान सोसून जुनं आडनाव सोडलं असेल तर ते त्या घराचं खाजगी आहे. तुमच्या शोधात दुसऱ्याचं जुनं आडनाव कळलं तर ते चारचौघांत, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणू नका. त्या घराला आधी विचारा.

जुन्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी वाळवी-ओल लागलेली दाखल-खारीज रजिस्टरं रद्दीत न घालता त्यांचे फोटो काढून ठेवावेत. मोडी वाचता येणाऱ्यांनी आपल्या वस्तीतल्या घरांना आठवड्यातला एखादा तास द्यावा, आणि शंका आली तिथे अंदाजाने आडनाव न सांगता "हे अक्षर लागत नाही" असंच लिहून द्यावं.