‘आधी-नंतर’च्या फोटोपलीकडचा सर्जन

नितीन गडकरी यांनी 2011 मध्ये वजन घटवण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ‘बेरियाट्रिक’ हा जिभेला न वळणारा शब्द मराठी घरांत पोचला. 2014 मध्ये अरुण जेटली यांनी मधुमेहासाठी हीच वाट धरली. मग 2017 च्या फेब्रुवारीत इजिप्तची इमान अहमद मालवाहू विमानाने मुंबईत आली. वजन सुमारे 500 किलो, उचलायला क्रेन. मार्चमध्ये सैफी रुग्णालयात तिचं ऑपरेशन झालं, पुढे नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद पेटला, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवलं गेलं आणि सप्टेंबरमध्ये तिथेच ती गेली. त्या सात महिन्यांत किती किलो घटले याच्या बातम्या रोज आल्या. ऑपरेशननंतर अशा रुग्णाला वर्षानुवर्षं कोण सांभाळतं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

त्याच फेब्रुवारीत लेखिका शोभा डे यांनी बंदोबस्तावरच्या एका लठ्ठ पोलिसाचा फोटो टाकून मुंबई पोलिसांना चिमटा काढला. तो पोलीस निघाला मध्य प्रदेशचा, आणि आपलं वजन खाण्याने नव्हे तर आजाराने वाढलं, असं त्याने सांगितलं. पुढे त्याच्यावरही मुंबईतच शस्त्रक्रिया झाली. ‘जरा तोंड आवर, चालायला जा’ एवढ्यावर ज्यांची बोळवण होते, त्या सगळ्यांच्या वाट्याला असा योगायोग येत नाही. त्यांना आपला सर्जन स्वतःच शोधावा लागतो, आणि तो शोध हल्ली मोबाइलवर सुरू होतो: डावीकडे ढगळ पंजाबी ड्रेसमधली बाई, उजवीकडे तीच बाई जीन्समध्ये, खाली ‘ईएमआयची सोय’.

डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण ओढू नयेत, असं 2002 पासूनचे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम सांगतात. तरीही हे फोटो फिरतात. वजन सर्वांत वेगाने उतरतं ते पहिल्या वर्ष-दीड वर्षात, आणि ‘नंतर’चा फोटो नेमका तेव्हाच काढलेला असतो. पाचव्या वर्षाचा फोटो कुणी लावत नाही. जाहिरातींच्या या गर्दीत आणखी एक गफलत होते. चरबी ओढून काढण्याचं लायपोसक्शन हा लठ्ठपणावरचा उपचारच नव्हे, ती शरीराला आकार देण्याची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आहे. 2022 च्या मे महिन्यात बेंगळुरूत कन्नड अभिनेत्री चेतना राज हिचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. तेव्हाही चर्चेत हे दोन्ही प्रकार एकाच टोपलीत टाकले गेले.

सर्जन कोण, याने खरोखर किती फरक पडतो? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात यावर एक धाडसी अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. 20 बेरियाट्रिक सर्जननी आपल्या जठराच्या बायपास शस्त्रक्रियेची एकेक चित्रफीत दिली. नावं झाकून ती दुसऱ्या सर्जनना दाखवली आणि हाताच्या सफाईला गुण द्यायला सांगितलं. मग त्या 20 जणांच्या दहा हजारांहून अधिक रुग्णांचं काय झालं, ते तपासलं. सर्वांत कमी गुणांच्या गटात 14.5 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, सर्वांत वरच्या गटात 5.2 टक्के. मृत्यूचं प्रमाण खालच्या गटात 0.26 टक्के, वरच्या गटात 0.05 टक्के. हे सगळे पदवीधर, अनुभवी, एकाच राज्यात काम करणारे. पाटीवरच्या अक्षरांवरून यांच्यातला फरक कुणाला कळला असता?

इंग्लंडमध्ये 2013 पासून बेरियाट्रिक सर्जनचे आकडे नावानिशी जाहीर होऊ लागले. आपल्याकडे रुग्णाच्या हाती असं काहीच नाही. मग तो फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवर विसंबतो, आणि त्या चिठ्ठीमागे कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलचं कमिशन, असेल का, ही शंका महाराष्ट्राला नवी नाही. 2017 मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करवून घेतला होता. कायदा झाला नाही.

म्हणून रुग्णाने डोळे उघडे ठेवून दवाखान्यातच पाहावं, ते असं. बाहेरच्या खुर्च्यांना हात आहेत का? दीडशे किलोचा माणूस हातांच्या खुर्चीत मावत नाही. तो भिंतीला टेकून उभा राहतो आणि ‘बसायचं नाहीये’ म्हणतो. वजनकाटा किती किलोपर्यंत जातो? रक्तदाबाचा मोठा पट्टा आहे की नेहमीचाच ओढूनताणून गुंडाळतात? लहान पट्ट्याने रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. सीटी स्कॅनच्या टेबलाची वजनमर्यादा किती, हेही विचारावं, कारण ऑपरेशननंतर रात्री-अपरात्री स्कॅनची गरज पडली आणि टेबलच पेलणारं नसेल, तर सर्जनच्या हाताची सफाई तिथे उपयोगी पडत नाही. ज्या रुग्णालयाने खुर्चीचा विचार केला आहे, त्याने बाकीचाही केला असण्याची शक्यता बरीच. उलट पंचतारांकित लॉबीत अरुंद कोच मांडलेले दिसले, तर सावध व्हावं.

पुढची कसोटी संभाषणाची. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात. तो परत जोडता येत नाही. ज्याला आधीच छातीत तीव्र जळजळ होते, त्याचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. अशा वेळी बायपासचा विचार होतो. बायपासमध्ये आतड्याचा काही भाग वगळला जातो, म्हणून लोह, कॅल्शियम, बी-12 यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर चालतात. एंडोस्कोपी न करता, जळजळीबद्दल न विचारता, पहिल्याच भेटीत ‘स्लीव्ह करून टाकू, पॅकेज अमुक’ म्हणणाऱ्या डॉक्टरला एकच ऑपरेशन येतं, असं समजायला हरकत नाही. चांगला सर्जन कधी कधी नाही म्हणतो, आधी झोपेतल्या श्वासाची तपासणी करा म्हणतो, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. आठवड्याच्या इंजेक्शनांची नवी औषधं आल्यापासून कुणाला औषध पुरेल आणि कुणाला शस्त्रक्रियाच हवी, हे समजावून सांगणं हेही त्याचं काम झालं आहे.

आणि मग खरी परीक्षा, जी पुण्या-मुंबईत होत नाही. नांदेडच्या रुग्णाचं ऑपरेशन पुण्यात झालं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला, गाडी करून तो घरी पोचला. दहाव्या दिवशी रात्री दोनला पोटात कळ, ताप, नाडी 120 च्या वर. ही जठराच्या शिवणीतून गळती होत असल्याची खूण असू शकते. जवळच्या डॉक्टरने ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन झोपवलं, तर सकाळपर्यंत उशीर झालेला असतो. किंवा महिनाभराने उलट्या थांबत नाहीत. गावातला डॉक्टर चांगल्या मनाने ग्लुकोजचं सलाईन लावतो. आठवडेच्या आठवडे उलट्या झालेल्या माणसाच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्या रात्री फोन कोण उचलतं? सर्जन, त्याचा सहायक, की ‘आपला कॉल महत्त्वाचा आहे’ सांगणारी ध्वनिफीत? हा नंबर ऑपरेशनआधी एकदा रात्री लावून पाहण्यात काही गैर नाही. नांदेडच्या डॉक्टरशी बोलायला सर्जन तयार आहे का, हे तर पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावं.

पैशांचाही एक पेच आहे. विमा नियामकाच्या ठरीव अटींनुसार शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला वय किमान 18 आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, 40 हवा, किंवा 35 सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, आटोक्यात न येणारा मधुमेह असा गंभीर आजार हवा. 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईला 40 चा आकडा गाठायला 102 किलोच्या वर जावं लागतं. आशियाई माणसाला कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 मध्ये आशियाई रुग्णांसाठी 27.5 पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येईल असं सांगितलं. म्हणजे डॉक्टरांच्या लेखी जो रुग्ण आहे, तो विम्याच्या लेखी अजून पुरेसा जाड नाही. तो मग खिशातून भरतो, आणि खिशातून भरणारा साहजिकच स्वस्त पॅकेज शोधतो. फोटोवाल्यांचं फावतं ते इथेच.

रुग्णाने खुर्च्या तपासाव्यात आणि रात्री फोन लावून पाहावेत, हे ठीक. पण सगळा भार त्याच्याच डोक्यावर का? महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. आरोग्य खात्याने त्याच फलकावर आणखी चार ओळी सक्तीच्या कराव्यात: गेल्या वर्षी इथे किती बेरियाट्रिक शस्त्रक्रिया झाल्या, कुणी केल्या, किती जणांना पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं, आणि पाच वर्षांपूर्वीच्या रुग्णांपैकी किती आजही तपासणीला येतात. शेवटचा आकडा लावायला रुग्णालयं सर्वांत जास्त कुरकुर करतील. सुरुवात त्याच्यापासूनच व्हावी.