घड्याळ एकच हवं!

गॅदरिंग झालं की हॉस्टेलवर एक तक्रार ठरलेली : "एकांकिका मस्त शूट झालीय रे, पण शेवटी शेवटी ओठ एकीकडे अन् आवाज दुसरीकडे!" मग सगळं खापर फुटतं एडिटिंगला बसलेल्या पोरांवर. माझ्या मते हा त्यांच्यावर सरळसरळ अन्याय आहे.

आवाज आपण मिक्सरवरून कॉम्प्युटरमध्ये घेतो, चित्र कॅमेऱ्यात. दोन्हीकडे सेटिंग 48,000 हर्ट्झच. पण सेकंद नेमका केवढा, हे प्रत्येक यंत्र आपापल्या क्वार्ट्झ क्रिस्टलला विचारून ठरवतं! दोन क्रिस्टलमध्ये 50 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 50 इतका फरक असणं काही नवल नाही. क्षुल्लक वाटतं ना? तासाभरात तो 0.18 सेकंद होतो. 25 फ्रेम्सच्या व्हिडिओत साडेचार फ्रेम्स. आयटीयूच्या 1998 च्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे किंवा 125 मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं. आता करा हिशोब!

"मग टाइमकोड लावू की," असं कुणीतरी म्हणतंच. पण मित्रांनो, टाइमकोड फक्त पत्ता सांगतो, चाल बांधून देत नाही. चाल जुळायची तर एकाचं घड्याळ दुसऱ्यानं मानायला हवं. त्यासाठीच वर्ड क्लॉक असतं : एक मास्टर, बाकीचे त्याच्या मागे. बाहेरचा डिजिटल रेकॉर्डर एसपीडीआयएफ केबलनं जोडला, तर क्लॉक त्याच केबलमधून येतं. फक्त साउंड कार्डचं सेटिंग 'इंटर्नल'वरून 'एक्स्टर्नल'वर न्यायचं. हे एक बटण विसरलं की टकटक आवाज येतात आणि आपण बिचाऱ्या केबलला शिव्या घालतो.

साध्या कॅमेऱ्याला क्लॉक इनपुट नसतो, हे मान्य. तिथे फुकटचा उपाय आहे. सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्ही फाइल्समध्ये मोजा आणि त्या प्रमाणात आवाज ताणा किंवा आखडा. नुसती सुरुवातीची टाळी अर्धंच काम करते.

म्हणून कमिटीला विनंती, यंदा महागडा माइक मंजूर करण्याआधी "याला क्लॉक इन आहे का?" एवढं विचारा. फायनल इयरवाल्यांची ती शेवटची एकांकिका असते. रीटेक नाही मिळत राव!