इमारत रहिवाशांची, जमीन बिल्डरचीच

मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक. यांतल्या कुठल्याही शहरात तीस-चाळीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीने एकदा सिटी सर्व्हे ऑफिसात जाऊन आपल्या भूखंडाचे मालमत्ता पत्रक काढून पाहावे. धारकाच्या रकान्यात संस्थेचे नाव निघाले, तर सभासदांनी सुटकेचा निःश्वास सोडावा. हजारो संस्थांच्या पत्रकावर आजही मूळ जमीनमालकाचे, त्याच्या वारसांचे किंवा केव्हाच मोडलेल्या एखाद्या भागीदारी फर्मचे नाव आहे. सभासद मालमत्ता कर भरतात, गळणारी गच्ची दुरुस्त करतात, लिफ्ट बदलतात. ज्या जमिनीवर हे सारे उभे आहे, ती मात्र कागदोपत्री त्यांची नाही.

सदनिकेचा नोंदवलेला करारनामा आणि संस्थेचे शेअर सर्टिफिकेट कपाटात असले की आपण निर्धास्त होतो. पण जमीन आणि इमारत यांचे अभिहस्तांतरण, म्हणजे सगळे ज्याला कन्व्हेयन्स म्हणतात ते, झाल्याशिवाय जमिनीची मालकी संस्थेकडे येत नाही. महाराष्ट्राच्या 1963 च्या सदनिका मालकी हक्क कायद्याने, अर्थात मोफाने, हे कर्तव्य बिल्डरवर टाकले आहे. करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स करून द्यायचे, असे नियम सांगतो. न देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही या कायद्यात आहे. 2016 च्या रेरा कायद्यानेही ही जबाबदारी बिल्डरवरच ठेवली. साठ वर्षांहून जुन्या कायद्यात इतके स्पष्ट लिहिलेले असताना हे भिजत घोंगडे राहिले, ते केवळ अंमलबजावणीअभावी.

बिल्डर टाळाटाळ का करतो, हे उघड आहे. जमीन नावावर असेपर्यंत वाढीव एफएसआय आणि टीडीआर या जादा बांधकामाच्या हक्कांवर त्याला दावा सांगता येतो. मोकळ्या जागेत आणखी एक विंग उभी करण्याची वाट त्याला उघडी ठेवता येते. ‘लेआउट अजून पूर्ण व्हायचा आहे’ हे तर वर्षानुवर्षे चालणारे ठरलेले उत्तर. शहरात जमिनीचे भाव जसे चढले, तसा या टाळाटाळीतला फायदाही वाढत गेला.

यावर उपाय म्हणून 2008 मध्ये मोफात दुरुस्ती झाली, 2010 मध्ये नियम आले आणि डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग खुला झाला. बिल्डर सही करत नसेल, तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून जास्तीत जास्त सहा महिन्यांत प्रमाणपत्र द्यायचे. बिल्डर आला नाही, तरी दस्त एकतर्फी नोंदवता येतो. तरतूद खरोखर चांगली आहे. ती नसती, तर कित्येक संस्थांना दिवाणी कोर्टात पिढ्या घालवाव्या लागल्या असत्या.

पण अर्जाला लागणारे कागद पाहा. सभासदांचे करारनामे आणि त्यांची सूची क्रमांक दोन, मंजूर नकाशे, मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा, बिल्डर आणि जमीनमालक यांच्यातले जुने करार, वास्तुविशारदाचा दाखला. 1985 च्या डिसेंबरपूर्वी झालेल्या करारांची परवड निराळीच. तेव्हा सदनिकेच्या करारावर आजच्यासारखे मुद्रांक शुल्क लागत नव्हते, त्यामुळे लोकांनी साध्या पाच रुपयांच्या मुद्रांकावर करार केले. त्यांतले कितीतरी नोंदवलेच गेले नाहीत. ज्यांनी सह्या केल्या, ते आज हयात नाहीत. मुले परगावी, घर दोनदा विकलेले, मूळ प्रत कुठल्या तरी बँकेत कर्जापोटी ठेवलेली. दर वर्षी एखादा जुना सभासद जातो आणि त्याच्याबरोबर एखादी फाइलही जाते. आम्ही धोक्याची घंटा वाजवतो आहोत ती यासाठीच. हे काम जितके लांबेल, तितके अवघड होत जाणार आहे.

शिवाय प्रमाणपत्र हाती आले म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्या कमिट्या आहेत. ते संपलेले नसते. दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णीत करून, म्हणजे त्यावरचे मुद्रांक शुल्क ठरवून, घ्यावा लागतो, दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो आणि मग सिटी सर्व्हेत फेरफार करून मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव चढवावे लागते. ही शेवटची पायरी राहिली, तर जुना मालक पत्रकावर तसाच राहतो.

आज पुनर्विकासाची लाट आहे. जुन्या इमारती धोकादायक ठरत आहेत आणि नवे विकासक दारात उभे आहेत. अशा वेळी जमीन संस्थेच्या नावावर नसेल, तर मूळ मालकाचे वारस अचानक उगवतात आणि ना हरकत पत्राची किंमत सांगतात. साठी-सत्तरीतल्या रहिवाशांवर भाड्याच्या घरात राहून या वादाचा निकाल लागण्याची वाट बघण्याची पाळी येते. तहान लागल्यावर विहीर खोदण्याची ही किंमत फार मोठी आहे.

सरकारला आमचा थेट प्रश्न आहे. संस्थेची नोंदणी सहकार खात्यात होते. नोंदवलेले करारनामे नोंदणी खात्यात असतात, नकाशे महापालिकेत, मालमत्ता पत्रक भूमी अभिलेख खात्यात. हे सगळे कागद सरकारी दप्तरातच असताना एका कार्यालयातून नक्कल काढून दुसऱ्या कार्यालयात पोहोचवण्याचे काम निवृत्त सेक्रेटरीच्या माथी का मारायचे? चार महिन्यांची मुदत उलटली की उपनिबंधकांनी स्वतःहून बिल्डरला नोटीस काढावी, दस्तऐवज त्या-त्या खात्यांतून मागवावेत आणि कन्व्हेयन्सची कारवाई सुरू करावी. यासाठी लागेल ती दुरुस्ती कायद्यात करावी. मधूनमधून विशेष मोहिमा काढून हा प्रश्न सुटलेला नाही. आणि कायद्यात शिक्षेचे कलम आहे, तर मुजोर बिल्डरांवर खटले भरले जावेत.

सरकार हलेपर्यंत संस्थांनी मात्र थांबू नये. येत्या वार्षिक सभेत पार्किंगच्या भांडणाआधी हा विषय घ्या. मालमत्ता पत्रक काढा, प्रत्येक सभासदाकडून कराराची छायाप्रत गोळा करा, ज्येष्ठ सभासद हयात आहेत तोवर त्यांच्याकडचे जुने कागद मागून घ्या आणि ठराव करून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज दाखल करा.